उसनी रेघ

उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जिथे रेघ संपते, तिथे ती किंचित वर वळून मग खाली उतरत होती. वळण तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढंही नसेल. परिचारिकेने शेवटचा टाका ओढून काढला, पापणीवरून ओला कापूस फिरवला आणि हातातला लहान आरसा माझ्यासमोर धरला. मला माझा चेहरा दिसण्याआधी ते वळण दिसलं. पापणी अजून फुगलेली होती, कडा गुलाबी होत्या, टाक्यांच्या जागी बारीक ठिपके होते. एवढ्या सुजेत कुठल्याही आकाराबद्दल खात्रीने काही म्हणू नये, हे मला कळत होतं. तरीही ते वळण मी ओळखलं. एका हिवाळ्यात मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने मी ते रोज सकाळी पुसलं होतं. तेव्हा ते माझ्या डोळ्यावर नव्हतं, माझ्या मुलीच्या होतं.

“किती छान जुळलंय, आई!” परिचारिका म्हणाली. या दवाखान्यात माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना आईच म्हणतात. “डॉक्टरांनी तुमच्या मुलीचा फोटो समोर ठेवूनच रेघ आखली होती. मला तर वाटलं नव्हतं एवढी येईल म्हणून. आता मुलगी कुणावर गेलीय, ते कुणी विचारायलाच नको.”

“कुणाचा फोटो?” मी विचारलं.

“तुमच्या मुलीचा. त्यांनीच नाही का पाठवला...” आणि ती थांबली. माझा चेहरा फारसं काही सांगत नाही अशी त्याची ख्याती आहे, पण सुजलेल्या डोळ्यांनी काहीतरी सांगितलं असावं. तिने चिमटा थाळीत ठेवला आणि मलम कसं लावायचं ते घाईघाईने समजावू लागली. मी ऐकत होते. कोपऱ्यातून सुरुवात करायची, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. मला हे सगळं पाठ होतं.

मी रेघ मागितलीच नव्हती. माझ्या पापण्यांची कातडी वयाबरोबर सैल होऊन पापणीच्या केसांवर उतरली होती. बाहेरचे कोपरे सतत ओले राहायचे, वाऱ्याने झोंबायचे, चिरायचे. नीट दिसावं म्हणून दिवसभर भुवया वर ओढून धरायच्या, आणि संध्याकाळी कपाळ ठणकायचं. साठी झाली तेव्हा माझी मुलगी गाउल म्हणाली, “पापण्यांचं ऑपरेशन, माझ्याकडून तुला हीच भेट. नाही म्हणायचं नाही. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापल्या आयांचे डोळे करून दिलेत, मीच एकटी राहिलेय कपाळकरंटी.” आमच्याकडे मुलं आईबापांना सहलीला पाठवतात, गुडघे करून देतात, डोळे करून देतात. शेजारणी विचारतात, कुणी करून दिले, आणि मग मुलांचं नाव निघतं. मला ते आवडलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. मात्र दवाखान्यातल्या सल्लागार बाईंसमोर बसून मी नीट सांगितलं होतं की पापणीवर घडीची रेघ पाडून दुसरा पदर नको आहे. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे काय मागायचं ते वाचून गेले होते. भुवईच्या खालून जास्तीची कातडी काढून घ्या, म्हणजे डोळा आहे तसा राहतो. सल्लागार बाईंनी मान डोलावली होती. गाउल माझ्या शेजारी बसली होती, तिनेही डोलावली होती.

शुद्धीवर आल्यावर आरशात रेघ होती, पापणीवरच, चांगली खोल. “सुजेमुळे तसं दिसतं,” सल्लागार बाई म्हणाल्या. “भुवईखालून जमण्यासारखं नव्हतं, डॉक्टरांनी आत गेल्यावर ठरवलं. पण ही रेघ सूज उतरली की विरेल.” परतीच्या गाडीत गाउलही तेच म्हणाली. “विरेल गं आई. तू उगाच मोजत बसू नकोस.”

मी मोजत बसले. चुन्चन शहरातल्या आमच्या घराच्या न्हाणीघरात सकाळचा उजेड चांगला येतो. तळ्यावरचं धुकं निवळलं की मी आरशासमोर उभी राहायचे. गालावर उतरलेला जांभळा रंग हिरवट झाला, मग पिवळा. रक्तातला रंग कसा तुटत जातो ते मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, आता चेहऱ्यावर वाचत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडी गंमतही वाटत होती. सूज रोज थोडी उतरत होती. रेघ मात्र उतरत नव्हती. सूज कमी होईल तशी ती अधिक रेखीव होत होती. सुजेने पडलेली घडी अशी वागत नाही. पापणी उचलणाऱ्या स्नायूला कातडी आतून शिवली तरच घडी अशी वागते. वर्गातल्या कुठल्याही मुलीने अशी निरीक्षणं माझ्यासमोर ठेवली असती, तर मी तिला एका वाक्यात निष्कर्ष लिहायला सांगितलं असतं. मी स्वतः तो लिहिला नाही. गाउलचा रोज फोन यायचा, आज कशी आहे म्हणून, आणि मी म्हणायचे, अजून आहे, उतरेल. डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीपेक्षा मी मुलीच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. आता टाके काढून घरी परतताना आगगाडीच्या खिडकीशी काळा चष्मा लावून बसले असताना मला लाज याचीच वाटत होती, फसवलं गेल्याची नंतर.

त्या हिवाळ्यात गाउल अठरा वर्षांची होती. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा झाली आणि तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली पापणीवर रेघ पाडून घेऊन सुजल्या डोळ्यांनी घरी बसल्या. तिचे वडील धरणावर अभियंता होते, मुलीला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. तेच तिला सोलला घेऊन गेले. मला विचारलं होतं. मी म्हणाले होते, डोळे तुझे आहेत. आणि ते मला खरंच म्हणायचं होतं. नंतर सगळं मीच केलं. उशा उंच रचल्या, बर्फाच्या पिशव्या बदलल्या, सूज उतरावी म्हणून भोपळ्याचा रस पाजला, कापूस फिरवला. तिच्या पापणीवरची रेघ बरी होताना शेवटाला थोडी वर वळली, कारण तिथला एक टाका ओढला गेला होता. तो खरं तर दोष होता. तिला तो कधी कळला नाही, मला कळला होता. मी त्याबद्दल बोलले नाही, कारण ती हसली की ते वळण चांगलं दिसायचं. आता कुणीतरी तो दोषसुद्धा जसाच्या तसा माझ्या डोळ्यावर उतरवला होता. नक्कल करणाऱ्याला त्यातलं काय चुकलेलं आहे ते माहीत नसतं.

स्थानकावर ताई आली होती. माझी थोरली बहीण, आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते. तिने माझा चष्मा नाकावरून खाली ओढला आणि रस्त्यातच माझ्याकडे निरखून पाहिलं.

“बरी दिसतेस की! परवापर्यंत बेडूक होतीस. आता तिकीट मागायला आलेल्याने वय विचारलं असेल.”

“ताई, तुला माहीत होतं?”

“काय?”

“फोटोचं.”

ताईला खोटं बोलता येत नाही, ती फक्त विषय बदलते. ती भोपळ्याच्या भावाबद्दल बोलली, लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल बोलली, आणि घरी येऊन रसाची पाकिटं माझ्या फ्रिजमध्ये रचता रचता, पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाली, “पोरीने शपथ घातली होती. मी काय करू? मला म्हणाली, मावशी, लग्नाचा प्रश्न आहे. आणि वाईट काय झालं सांग बघू? डोळे चिरायचे थांबले ना? कपाळ दुखायचं थांबलं ना? माझी पोरं मला गुडघ्याला लावायला मलमसुद्धा आणून देत नाहीत.”

थांबलं होतं. हेही खरं होतं. खिडकीशी उभी राहिले की भुवया न उचलता मला डोंगराचा माथा दिसत होता. कित्येक वर्षांत तो मला कपाळाच्या जोरावर पाहावा लागत होता. ज्यांनी मला फसवलं त्यांच्यामुळेच मला आता जास्त दिसत होतं, आणि याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. रात्री पापण्या पुरत्या मिटत नसत, एक बारीक फट राहायची. डोळा कोरडा पडून जाग यायची आणि वाटायचं, मी झोपले असतानाही कुणीतरी माझ्या डोळ्यांतून बघत आहे. यजमानांच्या फोटोसमोर पाणी ठेवायला गेले की मी मान खाली घालू लागले. त्यांनी मला लग्नाचं दोनदा विचारलं होतं. पहिल्या वेळी मी हो म्हणाले होते, पण त्यांना खात्री वाटली नव्हती. “तुझ्या डोळ्यांत काही वाचताच येत नाही,” ते म्हणाले होते, “म्हणून पुन्हा विचारतो.” त्यांचेही डोळे एकपदरी होते, पापणीवर घडी नसलेले. आमच्या घरात सगळ्यांचेच.

लग्न. तो धागा मी आगगाडीतच पकडला होता, पण ओढला नव्हता. गाउल ज्याच्याशी लग्न करणार होती त्या सुंग्यूला मी अजून पाहिलं नव्हतं. वसंतात आणते म्हणाली, मग उन्हाळ्यात, मग म्हणाली त्याची बदली होते आहे, मग म्हणाली आधी तुझे डोळे होऊ देत, तुला सुजलेल्या चेहऱ्याने पाहुणे आवडणार नाहीत. सगळ्या तारखा माझ्या डोळ्यांभोवती फिरत होत्या आणि मी ते तिची काळजी समजत होते. दोन्ही घरच्यांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं ते सूज पुरती उतरल्यानंतरच्या रविवारी. त्या दिवशी सकाळी मी सोलला तिच्या खोलीवर गेले. ती माझ्या पापणीवर रंग लावायला बसली. इतक्या जवळून तिचा चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिच्या उजव्या डोळ्याच्या टोकाशी ते वळण होतं, आणि ती माझ्या वळणावर कुंचला टेकवत होती.

“गाउल, माझ्या डोळ्यांसाठी फोटो कुणी पाठवला?”

कुंचला थांबला. तिने तो झाकण लावून बाजूला ठेवला. नाटक केलं नाही, त्याबद्दल मला बरं वाटलं.

“पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याच्या आईने माझ्या हनुवटीला धरून विचारलं, डोळे कुणाचे गं? मी म्हणाले, आईचे. तोंडातून निघून गेलं, आई. त्यांनी लगेच सुंग्यूला सांगितलं, बघ, शेवटी एक तरी खरा चेहरा आणलास. मग मी काय बोलणार होते?”

“सुंग्यूला तरी?”

“त्याला पण तेच माहीत आहे.”

“म्हणून मला बदललंस.”

“बदललं काय! तुला त्रास होत होता ना? ऑपरेशन लागणारच होतं ना? फक्त रेघ थोडी...” तिने माझा हात धरला. “तूच शिकवलंयस. आईबाप दोघं एकपदरी असले तर मूल दुपदरी होत नाही. तिसऱ्या बाकावर बसून लिहून घेतलंय मी ते. बाबा तर आता नाहीत, त्यांना कुणी बघणार नाही. राहिलीस तू.”

शाळेच्या पुस्तकात तसं होतं, त्या वेळी. जीभ वळणं, कानाची पाळी, पापणीचा पदर, आनुवंशिकतेची ठरलेली उदाहरणं. मी मुलींना घरच्यांच्या पापण्यांचा तक्ता करून आणायला सांगत असे. एका वर्षी एक मुलगी तक्ता घेऊन माझ्याकडे आली आणि दार लोटून रडू लागली. तिच्या तक्त्याप्रमाणे ती तिच्या बापाची नव्हती. मी तिला बसवून सांगितलं की पुस्तक सोपं करून सांगतं, पापणी इतकी सरळ नसते, अनेक गोष्टी मिळून ती ठरते, तुझा तक्ता काहीही सिद्ध करत नाही. त्यानंतर तो गृहपाठ मी कधी दिला नाही. गाउल मात्र त्याआधीच्या तुकडीत होती. तिने अर्धा धडा घेतला होता आणि त्यावर सगळं रचलं होतं. माझा आवाज, माझा खडू, माझा तक्ता. एका रिकाम्या चौकोनात तिला एक पापणी भरायची होती, ती तिने माझी भरली. कितीतरी वेळ मी हाच विचार करत होते, की मी तिला ही अपुरी माहिती दिली नसती तर ती एवढी घाबरली नसती. मग लक्षात आलं की मी पुन्हा तिच्याऐवजी उत्तर लिहायला निघाले आहे.

“मला विचारलं असतंस तर?” मी म्हणाले.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो.”

“मग?” ती म्हणाली, जणू एवढ्यातच सगळं आलं. आणि मग हळू आवाजात, लहानपणी ताप आल्यावर बोलायची तसं, “आई, प्लीज. आज फक्त हस. काही बोलावं लागणार नाही. मी नंतर सांगेन त्याला, लग्न झालं की. वचन देते. आज माझा हात सोडू नकोस.”

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. ती परत कुंचला उघडून उरलेली पापणी रंगवू लागली. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिने तिला हवा तसा लावला. या डोळ्यांत आता वाचता येतं, असं तिला वाटलं असावं.

खानावळीतल्या वेगळ्या खोलीत बुटकं टेबल होतं, बसायला गाद्या होत्या. सुंग्यू उंच आणि अवघडलेला मुलगा, चमचा हातात घेताना आधी माझ्याकडे बघून परवानगी घेत होता. त्याची आई पारंपरिक पोशाखांचं दुकान चालवते. गोल चेहऱ्याची, मोठ्याने हसणारी बाई. तिने आल्या आल्या माझे दोन्ही हात हातात घेतले. मी तिच्यावर चिडायची तयारी करून गेले होते, पण ती मला आवडली. तिने माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले, नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सरळ बोलली, मुलाची घोरण्याची सवय सांगून त्याला लाल केलं.

“आता लग्नाआधी ऐकून ठेवलेलं बरं, सूनबाई,” ती गाउलला म्हणाली. “नंतर दुकानात येऊन माझ्याशी भांडायचं नाही. घेतलेला माल परत घेत नाही मी.”

सगळे हसले. मीही हसले. पापणी अजून थोडी ओढली जात होती.

पेज आली, वाफवलेला मासा आला, भाज्यांच्या वाट्या येत राहिल्या. विहीणबाई जेवता जेवता माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात पारख नव्हती, माया होती. तेच मला सहन होत नव्हतं. “माझी एकच अट होती हो,” त्या म्हणाल्या. “हुंडा नको, हुद्दा नको, चेहरा आपला असावा. कापून शिवलेलं दिवसभर दुकानात बघते, घरी आणखी कशाला? आणि बघा, तुम्ही समोर बसलात नि मला अगदी पटलं. मायलेकी एकाच साच्यातल्या. टोकाला रेघ जरा वर जाते ना, ती पण तशीच!” त्यांनी स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी बोट नेऊन दाखवलं. गाउलने टेबलाखाली माझा हात शोधला. तिची बोटं गार होती. मी ती धरली. लहानपणी तिला दवाखान्यात नेताना धरायचे तशीच धरली, आणि वाटलं, असू दे. एक जेवण. फार तर एक लग्न. गप्प राहणं मला जड नाही, माझं सगळं आयुष्य मी फारसं न बोलता काढलं आहे.

“म्हणजे तुमच्या आईचे पण असेच असणार,” विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. “काय हो?”

“हो तर,” माझ्याआधी गाउल बोलली. “आजीचे तर याहून मोठे होते. चांगले ठसठशीत दुपदरी. सगळं गाव म्हणायचं.”

माझ्या आईचे डोळे हसताना नाहीसे होत. मी शाळेत असायचे तेव्हा गाउलला तिनेच वाढवलं, पाठीवर बांधून मिरच्या वाळत घातल्या. गाउल दोनतीन वर्षांची असताना आईच्या मांडीवर उभी राहून तिच्या पापणीवर बोट ठेवायची आणि विचारायची, आजी, उघडे आहेत की मिटलेत? आई म्हणायची, तुला बघायला एवढी फट पुरे. रोज विचारायची, रोज तेच उत्तर, आणि रोज दोघी तितक्याच हसायच्या. आई गेली तेव्हा डोळे मिटवायला मी हात पुढे केला आणि ते मिटलेलेच आहेत की काय, हे मलाही क्षणभर कळलं नव्हतं. मी गाउलकडे वळून पाहिलं. ती विहीणबाईंकडे बघून हसत होती, सहज, न अडखळता. हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं. एक पापणी बदलली होती, तिच्यामागची दुसरी आपोआप बदलली, आणि तिच्याही मागे आणखी असतील, पुढेही असतील. ज्या बाळाला हे सगळे मिळून डोळे कुणाचे म्हणून विचारतील, ते अजून जन्मायचं होतं.

टेबलाखाली मी तिची बोटं सोडली नाहीत. उलट घट्ट धरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून.

“नाही, विहीणबाई,” मी म्हणाले. माझा आवाज वर्गात असायचा तसाच निघाला, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “माझ्या आईचे डोळे एकपदरी होते, अगदी बारीक. माझेही तसेच होते. हे मी गेल्या महिन्यात माझ्या मुलीकडून घेतले, आणि तिने अठराव्या वर्षी दवाखान्यातून.”